दिवे घाटाचा उतार

पुणेकराला सायकलचे कौतुक कुणी सांगायला नको. एकेकाळी हे सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. मोटारींच्या गर्दीत ती ओळख पुसट झाली. तरी रविवारी पहाटे हडपसर, फुरसुंगी, वडकी करीत दिवे घाटाने सासवडला जाण्याचा माझा नेम पन्नाशी उलटली तरी टिकून होता. जाऊन-येऊन साठेक किलोमीटरची रपेट! परतताना कॅरिअरला हंगामाप्रमाणे अंजीर किंवा सीताफळे बांधलेली असत.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात हा नेम मोडला. घाट उतरताना एका वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी पसरली होती. ती दिसताच मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. वळणात कललेल्या सायकलचे पुढचे चाक खडीवर असे आवळले, की ते वळत नाही, नुसते घसरते. मीही घसरलो. डोके हेल्मेटने वाचवले. खांद्याजवळचे हाड मात्र मोडले.

हाड दोन महिन्यांत सांधले. भीती काही जाईना. सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्या दांडीवर पायपुसणी वाळू लागली. कुणी विचारलेच, तर मी गुडघेदुखीचे कारण सांगे. गुडघे बिचारे ठणठणीत होते!

शेवटी एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, ती सायकल कुणाला तरी देऊन टाकू या का? तुमचे गुडघे बरे व्हायची वाट किती दिवस पाहायची?"

'गुडघे' हा शब्द तिने असा काही उच्चारला, की मी मुकाट्याने खाली मान घातली.

दुसऱ्याच दिवशी सायकल दुरुस्तीला नेली. म्हाताऱ्या मिस्त्रींनी ब्रेकची रबरे बदलता बदलता माझी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "साहेब, वेग वळणाच्या अगोदर कमी करायचा, वळणात ब्रेक आवळायचा नाही. आणि खड्ड्याकडे बघत राहिलात, तर खड्ड्यातच जाल. नजर जिकडे, चाक तिकडे."

पहिले आठ दिवस गल्लीतच फेऱ्या मारल्या. मग हडपसरपर्यंत जाऊ लागलो. आश्विनातल्या एका रविवारी मात्र मन घट्ट करून घाट गाठला. चढाची भीती नव्हती. तिथे नुसता दम लागतो. ज्येष्ठात ज्ञानोबांची पालखी याच घाटाने चढते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. इथे मी एकटाच बैल! खाली मस्तानी तलाव कोवळ्या उन्हात चमकत होता. सासवडला सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले, बाजारात सीताफळे घेतली आणि परत फिरलो.

घाटमाथ्यावर आलो आणि तळहातांना घाम फुटला. दोन्ही ब्रेक हलके हलके दाबीत उतरू लागलो. 'ते' वळण दिसताच मात्र धीर सुटला. उतरून सायकल हाताने ढकलीत तिथवर गेलो आणि कडेला उभा राहिलो. दोन वर्षे स्वप्नात हे वळण कड्यासारखे अंगावर येत होते. प्रत्यक्षात ते घाटातल्या इतर वळणांसारखेच एक साधे वळण होते!

तसाच पुढे चालत गेलो असतो, तर घरी कुणाला कळले नसते. पण मला कळले असते. सायकल वळवून पन्नास पावले मागे चढलो, स्वार झालो. वळणाआधी वेग कमी केला आणि नजर पार पलीकडच्या टोकाला लावली. छाती धडधडत होती. चाक मात्र सरळ मार्गाने निघाले आणि वळण मागे पडले.

भीती आजही गेलेली नाही. प्रत्येक उताराला ती येतेच. फक्त आता तिच्या भिडेने मी घरी बसत नाही.

दारात सौ. ने सीताफळांची पिशवी हातातून घेतली आणि हसून विचारले, "काय म्हणतात गुडघे?"

"फार दुखताहेत गं," मी म्हणालो. या खेपेला ते अगदी खरे होते.