फळमाशीच्या नरातली अदलाबदल

चि. भाचीस,


फळमाशीच्या, म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या चिलटाच्या, नरात गुणसूत्रांची अदलाबदल होत नाही. मादीत अंडी तयार होताना आईबापांकडून आलेली जोडीदार गुणसूत्रे आपले तुकडे एकमेकांशी बदलतात. नरात ती जशी आली तशीच पुढे जातात. थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१२ साली हे दाखवून दिले आणि पुढे अनेक दशके माशीवरचे प्रयोग याच भरवशावर आखले गेले. १९७१ साली युइचिरो हिराइझुमी यांना टेक्सासमधल्या माश्यांच्या वंशात मात्र अदलाबदल करणारे नर सापडले.

असा अपवाद डोळ्यांच्या रंगावरून ओळखता येतो. माशीच्या डोळ्याचा विटकरी रंग तांबड्या आणि तपकिरी अशा दोन द्रव्यांनी बनतो. दुसऱ्या गुणसूत्रावरचे ‘सिनाबार’ जनुक बिघडले की तपकिरी द्रव्य जाते आणि डोळा भडक शेंदरी होतो. त्याच गुणसूत्रावरचे ‘ब्राउन’ बिघडले की तांबडे जाऊन डोळा तपकिरी उरतो. दोन्ही बिघडली तर डोळा पांढरा. ज्या नराच्या एका गुणसूत्रावर दोन्ही बिघाड आहेत आणि जोडीदारावर एकही नाही, त्याचा पांढऱ्या डोळ्यांच्या मादीशी संकर केला, तर पिल्ले विटकरी किंवा पांढऱ्या डोळ्यांचीच निघायला हवीत. सूक्ष्मदर्शकाखाली शेंदरी डोळ्यांची एक जरी माशी आली, तरी बापाच्या गुणसूत्रांनी या दोन जनुकांच्या मधे कुठेतरी तुकडे बदललेले असतात.

या अदलाबदलीमागे ‘पी’ नावाचा उडता घटक, म्हणजे गुणसूत्रांवर जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, निघाला. १९७७ साली मार्गारेट किडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नरातली अदलाबदल, वांझपणा आणि उत्परिवर्तनांची वाढ या सगळ्यांना ‘संकर-विकृती’ या एका नावाखाली आणले. बाप ‘पी’ असलेल्या वंशातला आणि आई नसलेल्या वंशातली असेल तरच ही विकृती दिसते. आईबापांची उलटापालट केली की पिल्ले निरोगी निघतात, कारण ‘पी’ वंशाची आई अंड्यातूनच त्याला दाबणारे छोटे आरएनए देते.

अखंड ‘पी’ २९०७ अक्षरांचा असतो आणि स्वतःला कापून दुसरीकडे चिकटवणाऱ्या विकराची, ट्रान्सपोझेसची, कृती त्यातच लिहिलेली असते. हा विकर फक्त प्रजननपेशींत तयार होतो. एरवी तो एकाच घटकाची दोन टोके धरतो. पेशी विभागण्याआधी गुणसूत्राची प्रत निघाली, की घटकाच्याही शेजारी शेजारी दोन प्रती होतात. अशा वेळी विकर कधी एका प्रतीचे डावे टोक आणि दुसरीचे उजवे टोक जोडीने धरतो. ही मिश्र जोडी समोरच्या जोडीदार गुणसूत्रात त्याच जागेच्या आसपास शिरली, की त्या जागेपलीकडचे तुकडे आपोआप बदलले जातात. या उलगड्याचा पुरावा फार देखणा आहे: अदलाबदल ‘पी’ असेल तिथेच होते आणि त्याच्या लगत थोडा डीएनए गळालेला किंवा दुप्पट झालेला सापडतो. हे बहुतेकदा शुक्रपेशी घडवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या आधीच घडते, म्हणून एकाच नराची अनेक पिल्ले एकच बदल घेऊन जन्मतात. मादीतल्या नेहमीच्या अदलाबदलीशी या क्रियेचे साम्य केवळ परिणामापुरते आहे.

मॉर्गन यांना अपवाद न दिसण्याचे कारणही इथेच मिळते. प्रयोगशाळांतल्या, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पकडलेल्या माश्यांच्या जुन्या वंशांत ‘पी’ नाही. तो दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या ड्रोसोफिला विलिस्टोनी या दूरच्या जातीतून आला. दोन्हींतल्या घटकांत एकाच अक्षराचा फरक आढळला. पुढच्या काही दशकांत तो जगभरच्या रानमाश्यांत पसरला.

अदलाबदलीचा उडत्या घटकांवर उलटा परिणामही होतो. एकाच घटकाच्या प्रती वेगवेगळ्या जागी असल्या, की मादीत चुकीच्या जागांची जोडी जमून गुणसूत्राचे तुकडे गळतात वा दुप्पट होतात. पांढऱ्या डोळ्याच्या ‘व्हाइट’ जनुकाजवळ ‘रू’ या घटकाच्या प्रतींमध्ये असे घडलेले नोंदले गेले आहे. असा बिघाड झालेली पिल्ले सहसा टिकत नाहीत, त्यामुळे अदलाबदल जास्त होणाऱ्या भागांत घटक फारसे साठत नाहीत. गुणसूत्रबिंदूलगत आणि इवल्याशा चौथ्या गुणसूत्रावर, जिथे ती जवळजवळ होतच नाही, तिथे त्यांची दाटी आढळते.

तुझा मामा