फोन लावणं आणि लागणं

मराठीत फोनला दोन क्रियापदं आहेत. फोन आपण लावतो आणि तो लागतो, किंवा लागत नाही. लावणं माणसाच्या हातातलं, लागणं मात्र पूर्णपणे त्याच्या हाती नाही. कलमाचंही तसंच असतं. माळी ते मन लावून बांधतो, पण ते लागलं की नाही हे पावसाळा उलटल्यावर कळतं. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला गेल्या वीस वर्षांत लावण्याचं फार मोठं सुख मिळालं. इंटरनेटवरून बोलणं इतकं स्वस्त झालं की ते फुकट आहे असंच आपण म्हणतो. न्यू जर्सीतली लेक पोळ्या लाटता लाटता ठाण्यातल्या आईशी तासभर बोलते आणि त्या तासाचं वेगळं बिल कुणालाच येत नाही. हे सुख खरं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण कॉल स्वस्त झाला की नाही याचा हिशेब आपण लावणाऱ्याच्या टोकाला बसून करतो, आणि तिथेच चूक होते. तो हिशेब फोन जिथे लागायचा आहे तिथे मांडायला हवा. उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्यासारख्या जागी तो मांडला, तर आकडे वेगळेच निघतात.

जोयडा म्हणजे जुना सुपा तालुका. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि उठवलेल्यांपैकी बरेच जण रामनगरला वसले. मराठी आणि कोकणी बोलणारा हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, माणसं ५० हजारांच्या थोडी वर, म्हणजे चौरस किलोमीटरला तीसही नाहीत. बाकी सगळं रान. याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला कॅसलरॉक आहे. आज तिथे दूधसागरला जाणारे पर्यटक उतरतात, पण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत कॅसलरॉक हे भारताचं शेवटचं स्टेशन होतं. त्याच्या पलीकडे घाट उतरला की पोर्तुगीजांचं राज्य, म्हणजे परदेश. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर रेल्वेने पंचवीस-सव्वीस किलोमीटर. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा या मार्गावरची गाडी थांबली. घाट जागच्या जागी होता, रूळही होते. अंतर एक हातभरही वाढलं नव्हतं, तरी कुळ्यातली बहीण कॅसलरॉकच्या भावाला एकाएकी दूर झाली. परदेश लांब असतो तो मैलांमुळे नव्हे, हे जोयड्याने टेलिफोन दारात येण्याच्या आधीच पाहिलं होतं. तो लांब असतो मधल्या सरहद्दीमुळे आणि घरापर्यंतच्या शेवटच्या वाटेमुळे.

टेलिफोनचा इतिहास हेच पुन्हा सांगतो. ऐंशीच्या दशकापर्यंत खेड्यात फोन नव्हता याचं कारण समुद्र ओलांडणारी तार नव्हती असं नाही. ती केव्हाच आलेली होती. खेड्यात टिकेल असं एक्स्चेंज नव्हतं. परदेशी बनावटीची यंत्रं वातानुकूलित खोली मागत, अखंड वीज मागत. सी-डॉट ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या अभियंत्यांनी १२८ लाइनींचं एक छोटं एक्स्चेंज बनवलं, जे धुळीत, उन्हात, एसीशिवाय चालेल. ते पहिल्यांदा बसलं १९८६ च्या जुलैमध्ये कित्तूरला, बेळगाव-धारवाड रस्त्यावरच्या राणी चन्नम्माच्या गावात. त्या पेटीने अंतर तसूभरही कमी केलं नाही, तिने शेवटचे दोन कोस जिंकले. मग पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ आले. काचेची कोंदट खोली, आत एकच स्टूल, डोक्यावर पळणारे लाल आकडे आणि बाहेर टरटरत निघणारी बिलाची पट्टी. परदेशाचा दर मिनिटाला दोन आकडी रुपये असे, त्यामुळे बोलणारा आधी मनात वाक्यं जुळवून ठेवी. महाग होतं, यात वाद नाही. पण त्या महागड्या फोनचा एक गुण होता. बोलावणं गेलं की कुणीतरी धावत जाऊन निरोप देई, माणूस बूथवर येई, रिसीव्हर कानाला लावी आणि आवाज स्वच्छ ऐकू येई. ऐकणाऱ्याला काही विकत घ्यावं लागत नव्हतं, काही शिकावं लागत नव्हतं.

इंटरनेटवरच्या बोलण्याने नेमका हाच करार बदलला. १९९५ मध्ये पहिली इंटरनेट-फोन प्रणाली बाजारात आली, २००३ मध्ये स्काइप आलं, २०१५ मध्ये व्हॉट्सॅपवर आवाजी कॉल सुरू झाला आणि पुढच्या वर्षी चेहराही दिसू लागला. यातली युक्ती सुंदर आहे. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि ईमेल, फोटो, सिनेमे जिथून वाहतात त्याच प्रवाहात ते सोडून द्यायचे. दोन माणसांसाठी अख्खी वाट राखून ठेवायची गरज नाही, म्हणून किंमत जवळजवळ शून्य. समुद्राखालच्या काचतंतूंतून हे तुकडे सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतात. अमेरिका ते मुंबई हा त्यांचा पल्ला डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. घोटाळा होतो तो पुढे. पन्नासांतले पाच तुकडे रानातल्या अशक्त लहरींत हरवले, सहा उशिरा पोचले, तर उशिरा आलेले फेकूनच द्यावे लागतात, कारण शब्दाची वेळ टळलेली असते. मग “आई, बरी आहेस ना?” यातलं “बरी” गळून जातं आणि उरलेल्या प्रश्नाचा अर्थ आईने लावायचा असतो. शिवाय या कॉलला दोन्ही टोकांना इंटरनेट लागतं. जुन्या फोनला एका टोकाला पैसे लागत, नव्याला दोन्ही टोकांना साधनं लागतात. खर्च संपला नाही, त्यातला एक भाग समुद्र ओलांडून घरी आला.

जोयड्यातल्या आतल्या गावांत, अणशी-डिग्गीच्या रानात किंवा कुंभारवाड्याच्या बाजूला, हा भाग कसा दिसतो? रेंज घरात नसते, ती एखाद्या जागी असते. गावातल्या सगळ्यांना ती जागा माहीत असते: टेकडीचा माथा, वळणावरचा एक चिरा, पडवीच्या खांबाचा एखादा खिळा. त्या खिळ्याला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो, कारण हातभर खाली आणला की काड्या उतरतात. पाऊस चार महिने असा कोसळतो की वीज दिवस-दिवस जाते आणि विजेपाठोपाठ टॉवरही झोपतो. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्रीतली मुलं डोंगरमाथ्यावर खोपी बांधून धडे ऐकत बसल्याची छायाचित्रं सगळीकडे छापून आली. लोकांना ती नवलाची वाटली. या भागातल्या आया मात्र आधीपासून तशाच वाटेने चढत होत्या, फक्त त्यांचे फोटो कुणी काढले नव्हते. चढणीचा अर्धा तास, उतरणीचा अर्धा, वाटेत चार्जिंग संपण्याची धास्ती, महिन्याचं रिचार्ज आणि स्मार्टफोनची किंमत, एवढं धरलं तर परदेशात फुकट असलेला हा कॉल तालुक्यातला सर्वांत महाग कॉल ठरतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे तात्पुरतं आहे, टॉवर येतीलच. येत आहेत, हे खरं. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राने २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, देशातल्या २४,६८० वंचित गावांत ४जी पोचवण्यासाठी. ही योजना योग्यच आहे. पण कित्तूरची पेटी यशस्वी झाली ती केवळ बसवली म्हणून नव्हे. ती तिथल्या धुळीसाठी, तिथल्या उन्हासाठी घडवलेली होती म्हणून. टॉवर उभा करणं हे लावणं झालं. पावसाळ्यात त्याला बॅटरी, सौर पट्टी आणि दुरुस्तीला येणारा माणूस मिळणं हे लागणं. तीस माणसांच्या चौरस किलोमीटरमधून कंपनीला उत्पन्न मिळत नाही, म्हणून तो माणूस येत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हे काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, इथे रस्ते खणू नयेत, मनोरे उभारू नयेत. हे रान राहिलंच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण आवाजाला रुंद वाट लागत नाही. साधा २जी आवाज सेकंदाला १३ किलोबिटांत मावतो, आणि कमी वारंवारतेच्या लहरी झाडीतून उंच वारंवारतेच्या लहरींपेक्षा दूर जातात. असलेल्या रस्त्याच्या कडेने, असलेल्या विजेच्या खांबांवरून जेवढं नेता येईल तेवढं नेलं आणि साधा आवाजी कॉल घराघरात पोचवला, तरी आईची चढण वाचते. या चढणीसाठी वाघाचं काही हिरावून घ्यायची गरज नाही.

मग प्रश्न उरतो की परदेशातून त्या साध्या फोनवर स्वस्तात का बोलता येत नाही. इथे सरहद्द पुन्हा भेटते, आणि याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट-टेलिफोनी कायदेशीर झाली. पण संगणकावरून संगणकावर बोला, परदेशातल्या फोनवर बोला, भारतातल्या साध्या फोनवर मात्र नाही, अशी तिची चौकट होती. इंटरनेटला साध्या फोनशी जोडण्याची मुभा परवानाधारक कंपन्यांना स्पष्टपणे मिळाली ती २०१८ मध्ये. परदेशातून येणारा कॉल इथल्या नेटवर्कवर उतरवण्याची पट्टी वेगळी. ती मिनिटाला ५३ पैसे होती, फेब्रुवारी २०१८ पासून ३० झाली, मे २०२० पासून ३५ ते ६५ पैसे. देशातल्या देशातल्या कॉलसाठी हीच पट्टी जानेवारी २०२१ पासून शून्य. म्हणजे त्याच टॉवरवरून, त्याच आईच्या त्याच फोनवर, पुण्याचा मुलगा बोलला तर उतरणावळ नाही आणि मस्कतचा बोलला तर आहे. यावर उत्तर दिलं जातं की हे परकीय चलन आहे आणि कंपन्यांना त्याचा आधार असतो. पैसे थोडे आहेत हेही मान्य. पण खेड्यापाड्यांतल्या सेवेसाठी कंपन्यांच्या उत्पन्नावर वेगळी आकारणी होते, त्यासाठी २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी आहे आणि आज तो डिजिटल भारत निधी म्हणून चालतो. खेड्यासाठी एक पेटी असताना खेड्याकडेच येणाऱ्या आवाजावर जकात कशाला? तिने स्मार्टफोनवाल्याचं काही बिघडत नाही, तो व्हॉट्सॅपवर बोलतो. जकात पडते ती ज्या घरी फक्त बटणांचा फोन आहे त्या घराच्या नावाने.

एक आक्षेप हळवा आहे, आणि तो बहुधा चांगली माणसंच घेतात. इतकं बोलायचं तरी काय, पत्रांच्या काळात वाट पाहण्यात गोडी होती, ओढ होती, रोजच्या बोलण्याने ती विटली. मला हे पटत नाही. पत्राची गोडी ज्याला वाचता येतं त्याची. निरक्षर आईला मुलाचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. पोस्टमन वाची, मास्तर वाची, शेजारची सातवी शिकलेली मुलगी वाची. सुनेबद्दल, कर्जाबद्दल, दुखण्याबद्दल मुलाने काय लिहिलं ते वाचणाऱ्याला आधी कळे आणि आईला नंतर. मनातलं उत्तरही तिला दुसऱ्याच्या अक्षरांत घालावं लागे, म्हणून बरंचसं ती घालतच नसे. फोनने तिला पहिल्यांदा मुलाशी एकटीने बोलू दिलं. ती तिच्या बोलीत बोलते, कोकणी-मराठीची मोड जशी तोंडात बसली आहे तशी. शब्द सापडला नाही तर गप्प राहते, आणि ते गप्प राहणंही पलीकडे पोचतं. आणि हा आवाज तिला तिच्या घरात, तिच्या चुलीशेजारी मिळाला पाहिजे. टेकडीच्या माथ्यावर, रांगेत उभ्या असलेल्या चौघांदेखत मोठ्याने ओरडून बोलावं लागलं तर पत्र वाचून घेण्याचीच ती पुढची पायरी होते.

फुकट हा शब्द परदेशातही सर्वांना सारखा लागू नाही. अमेरिकेतल्या, युरोपातल्या मराठी घरांचा अनुभव आपण सगळ्या परदेशाचा मानतो. गोव्यातून, कारवार-भटकळच्या किनाऱ्यावरून माणसं जातात ती अधिक करून आखातात आणि जहाजांवर. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॅपचा कॉल लागत नाही, तिथे ठरावीक परवानगीची ॲप आहेत. सौदी अरेबियाने इंटरनेट-कॉलवरची सरसकट बंदी २०१७ मध्ये उठवली, तोवर तिथेही अशीच अडचण होती. म्हणजे ज्याची मिळकत कमी त्याच्याच वाट्याला दोन्ही टोकांची अडचण येते.

त्यात घड्याळाची अडचण वेगळी. जोयड्याच्या रानात अंधार पडल्यावर टेकडीवर कुणी थांबत नाही. वाटेवर गवे उतरतात, अस्वल असतं. म्हणजे संध्याकाळी सहाच्या आत बोलणं उरकून घरी परतायचं. इथे सहा वाजतात तेव्हा दुबईत साडेचार झालेले असतात. बांधकामावरचा माणूस तेव्हा कामावर असतो. तो सुटतो, गर्दीच्या बसने खोलीवर येतो, अंघोळ करून फोन हातात घेतो तेव्हा तिथे साडेसात आणि इथे नऊ. टेकडीवरून उतरलेला फोन तोवर घरात असतो, काड्यांशिवाय. मग दोघांनी मिळून सुट्टीचा दिवस ठरवलेला असतो. आठवड्यातून एकदा, दुपारी, ती वर चढते आणि तो लावतो. बूथच्या दिवसांतही बोलणं आठवड्यातून एकदाच होत असे.