घडणावळ किती हो?

तीन लाखांचा गिटार अ‍ॅम्प घ्यावा की नाही, हे खामगावच्या चांदी बाजारात ठरेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शुक्रवारची संध्याकाळ, दादर स्टेशन, विदर्भ एक्स्प्रेस. निमित्त मावसभावाच्या लग्नाचं. डोक्यातलं टेन्शन मात्र वेगळंच. मोबाइलमध्ये एका अ‍ॅम्पचा फोटो होता आणि सोमवारपर्यंत त्याचा अ‍ॅडव्हान्स भरायचा होता. बाहेरून मागवायचा, ड्युटी धरून तीन लाखांच्या वर. याला म्हणतात बुटीक अ‍ॅम्प. मोठ्या कारखान्यात नाही, तर दोन-चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये हातानं सोल्डर करून बनवलेला. मी फ्रीलान्सर, म्हणजे तीन लाख ही माझी जवळजवळ सगळी शिल्लक. तुम्ही बाइकसाठी ईएमआय भरता, तसंच हे, फक्त याच्यावर बसून ऑफिसला जाता येत नाही!

शेगावला उतरले तेव्हा उजाडलंही नव्हतं. गरम कचोरी तोंडात कोंबली आणि खामगाव गाठलं. हे मुळात कापसाचं गाव. जलंबहून इथवरचा १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा इंग्रजांनी १८७० साली टाकला तो कापसासाठीच. पण आज खामगाव म्हटलं की लोकांना चांदी आठवते. लोक याला रजतनगरीच म्हणतात.

‘‘चाल वं पोरी, जोडवे घ्याचे हायेत,’’ मावशीनं दुपारीच बाहेर काढलं. दुकानात काटा, कॅल्क्युलेटर आणि एक छोटी चिठ्ठी. चिठ्ठीवर दोनच ओळी. वजन गुणिले भाव, आणि खाली घडणावळ. भावावर मावशी एक शब्द बोलली नाही. सगळं भांडण दुसऱ्या ओळीवर. ‘‘घडणावळ एवढी कायले जी?’’ दुकानदारानं शांतपणे दोन जोड पुढे ठेवले. एक साच्यातला, एक हातचा. ‘‘बोट फिरवून पाहा ताई.’’ मावशीनं बोट फिरवलं, थोडं घासाघीस केलं आणि हातचा जोड घेतला.

तिथेच स्टुलावर बसून मी माझ्या अ‍ॅम्पची चिठ्ठी मनात मांडायला लागले. आत काय असतं? चार-सहा व्हॉल्व्ह, दोन-तीन ट्रान्सफॉर्मर, मूठभर रेझिस्टर-कॅपॅसिटर, एक स्पीकर, लाकडाची पेटी. सगळ्यात जड आणि महाग ते ट्रान्सफॉर्मर. तरीही मालाची ओळ तीन लाखांच्या जवळपास जात नाही. सर्किटही काही गुपित नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या पोरांनी अमेरिकन फेंडर बासमन समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प बनवला. अमेरिकेचा माल तिकडे फार महाग पडायचा, म्हणून! आज ज्या आवाजाला आपण ‘मार्शल साउंड’ म्हणतो, तो असा कॉपीतून सुरू झाला.

मग उरते घडणावळ. आणि तिसरी एक ओळ, जी चांदीच्या चिठ्ठीवर नव्हती. नाव. अलेक्झांडर डंबल हा अमेरिकन कारागीर २०२२ मध्ये गेला. तो आपली सर्किट्स चिकट राळेत बुडवून ठेवायचा, कुणी कॉपी करू नये म्हणून. त्याचे जुने अ‍ॅम्प एक लाख डॉलरच्याही वर विकले गेलेत. माफ करा, पण ही घडणावळ नव्हे, हा लिलाव.

संध्याकाळी वरात. बेंजोवाल्यानं बेंजोची वायर एका धुळकट अहुजाच्या पेटीत खुपसली आणि आवाज पिळला. स्पीकर फाटणार असं वाटलं. बेंजोचा सूर कडेनं खरखरत, जाडजूड होऊन बाहेर आला. अंगावर काटा! अ‍ॅम्पला त्याच्या दमाबाहेर पळवलं की आवाज असा फाटतो. बुटीकवाले हेच विकतात, फक्त जास्त गोड करून. व्हॉल्व्ह एकदम नाही, हळूहळू फाटतात, म्हणून ते कानाला गोड.

साउंडवाल्या भाऊंना फोटो दाखवला, किंमत सांगितली. ते बराच वेळ हसले. मग विचारलं, ‘‘बिघडला त कोन खोलन याले?’’ त्यांची पेटी तीनदा खोललेली, प्रत्येक वेळी इथल्याच बाजारात. खरं तर हातानं वायरिंग केलेल्या अ‍ॅम्पचा हाच मोठा फायदा. साधा सोल्डरगन असलेला हुशार मेकॅनिकही तो दुरुस्त करू शकतो. मशीननं बनवलेल्या पीसीबीवर व्हॉल्व्हचं सॉकेट हललं की रडगाणं सुरू. भाऊंना हे सांगितल्यावर त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतला, यावेळी न हसता.

‘‘आन् वाजवता कुठी?’’

इथे मी गप्प. वाजवते कुठे? ठाण्याच्या वन बीएचकेत, रात्री दहाच्या आत, खालच्या काकूंच्या मूडवर. वीस वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प खोलीत फाटेपर्यंत वाजवला तर सोसायटीची मीटिंग लागेल. बरं, पाच वॉटचा घ्यावा तर तो वीसच्या पाव आवाजाचा असतो असंही नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, त्यामुळे पाचवालाही भिंती हलवतो. दर आठवड्याला स्टेजवर असणाऱ्या माणसाला मी म्हणेन, घे बिनधास्त, घडणावळ वसूल होईल. मला नाही होणार. शिवाय २०११ पासून केम्परसारखी यंत्रं आलीत, जी अशा अ‍ॅम्पचा आवाज उतरवून हेडफोनमध्ये देतात. मी वाजवून पाहिलंय. डोळे मिटले तर मला फरक सांगता आला नव्हता. बोटांखाली किंचित कळतो, आणि त्या किंचितसाठी मी तीन लाख द्यायला निघाले होते.

परतीच्या गाडीत विक्रेत्याला मेसेज केला, आतला फोटो पाठवाल का? नाशिक यायच्या आधी आला. प्रत्येक वायर काटकोनात वळवलेली, प्रत्येक सोल्डर मण्यासारखा चमकणारा. कुणीतरी दिवसचे दिवस बसलं असणार त्यावर. मी तो बराच वेळ झूम करकरून पाहिला. अ‍ॅडव्हान्स पाठवला नाही. फोटो अजून वॉलपेपरला आहे.