आलाँसाँचे एक घर

पॅरिसहून ल माँसला जायचे, तिथे गाडी बदलायची, की नॉर्मंडीतले आलाँसाँ येते. इथे उतरणारे बहुतेक लेस पाहायला उतरतात. मी उतरलो तो सरकारी कचेरीसमोरचे एक घर पाहायला.

लुई मार्तँ घड्याळजी, झेली लेसवाली. खरे म्हणजे दोघांनाही संसार नकोच होता! तरुणपणी लुई आल्प्समधल्या सेंट बर्नार्ड मठात गेला. लॅटिन येत नाही म्हणून त्याला परत धाडले. झेलीलाही गावातल्या जोगिणींनी घेतले नाही. (आपल्याकडचा असता तर त्याने घरातच धुनी पेटवली असती.) १८५८ च्या जुलैत मध्यरात्री दोघांचे लग्न लागले. पहिले दहा महिने ती भावाबहिणीसारखी राहिली. मग एका धर्मगुरूने समजूत घातली, आणि पुढे नऊ मुले झाली. चार लहानपणीच गेली.

गावच्या संग्रहालयात ही लेस काचेखाली मांडली आहे. नुसती सुई आणि दोरा, पण एका चौरस सेंटिमीटरला सुमारे सात तास! त्या काळी एकेक बाई एकेकच काम करी. शेवटी सारे तुकडे असे जोडायचे की सांधा दिसता कामा नये. ते जोडकाम झेली स्वतः करी. १८७० साली लुईने आपले दुकान भाच्याला दिले आणि बायकोच्या धंद्यात लक्ष घातले.

झेलीची दोनशेवर पत्रे शिल्लक आहेत. त्यांत देव आहेच; पण त्याच्याच शेजारी मुलींची दुखणी, दाईची काळजी आणि त्या मेल्या लेसच्या नावाने कुरकुर. मला ती कुरकुर फार आवडली. पैठणला नाथांच्या वाड्यात उभे राहिले की मनात येते तेच इथेही आले: परमार्थासाठी घर सोडावे लागते, हे प्रथम सांगितले तरी कोणी?

१८७७ साली झेली कर्करोगाने गेली. धाकटी तेरेझ तेव्हा साडेचार वर्षांची. लुई पाच मुलींना घेऊन लिझ्यूला मेहुण्याच्या आधाराला गेला. पुढे पाचही जणी जोगिणी झाल्या. बापाची बुद्धी भ्रमली, तीन वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढून १८९४ साली तो वारला. तेरेझ १९२५ साली संत ठरली, आईबाप २०१५ साली. पतिपत्नींना एकत्र संतपद मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

एक मात्र मला खटकते. समजा, त्या पाच मुली लग्ने करून आलाँसाँतच नांदल्या असत्या, रविवारी दुकान बंद ठेवून चर्चला गेल्या असत्या, लेस विणत म्हाताऱ्या झाल्या असत्या. मग हे घर पाहायला कोण आले असते? मीही ल माँसला गाडी बदलली नसती.