लायकी तपासायची ती कोणाची?



'लायकी' हा शब्द आपल्या घरात कोणाला शिकवावा लागत नाही. पोरगा अकरावीत गेला की त्याच्या कानावर पडतो, पोरगी नर्सिंगला लागली की तिच्या कानावर पडतो, आणि नोकरी लागली म्हणजे तर टेबलाटेबलावरून ऐकू येतो. "तुमचे काय, तुम्ही राखीव जागेवरचे," हे वाक्य मी माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यातच ऐकले होते. बोलणारा मनुष्य वाईट नव्हता, चहाही तोच पाजायचा. परंतु मी किती टक्क्यांनी बी. कॉम. झालो, हे त्याने कधी विचारले नाही. त्याला ते आधीच ठाऊक आहे असे त्याला वाटत होते.

मी झरी जामणीला कारकुनी करतो आणि फावल्या वेळात तालुक्यातल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, पडताळणीचे अर्ज भरून देतो. त्यामुळे कागदाशी माझा संबंध रोजचाच. नोकरीला लागताना माझ्याकडून दहावीची सनद, पदवी, मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि त्या दाखल्याच्या पडताळणीचा कागद, एवढे सारे मागून घेतले होते. एका कागदावर आडनावातला काना राहून गेला होता, तेवढ्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी चार खेपा झाल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या हाती सरकारी कागद द्यायचे, त्याचे कागद तपासलेच पाहिजेत, या मताचा मी आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, शिपायाला आणि कारकुनाला लावलेली ही चाळणी विद्यापीठाच्या सर्वांत वरच्या खुर्चीलाही तशीच लागते काय?

कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचा कारभारी. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली कॉलेजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. १ मे १९८३ रोजी हे विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळे निघाले. परीक्षा कधी, निकाल कधी, फी किती, कॉलेजला मान्यता द्यायची की नाही, या साऱ्या गोष्टी अशा विद्यापीठांत ठरतात. म्हणून कुलगुरू कोण, हा प्रश्न फक्त प्राध्यापक मंडळींचा आहे असे समजून आपण पान उलटू नये. आपली पोरे त्याच कारभाराखाली शिकतात.

आता मुंबई विद्यापीठाची हकीकत पाहा. जुलै २०१० मध्ये डॉ. राजन वेळूकर यांची तेथे कुलगुरू म्हणून नेमणूक झाली. त्यापूर्वी ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे कारभाराचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण पात्रतेच्या अटींत आणखी एक अट होती. पीएच. डी. मिळाल्यानंतर किमान पाच शोधनिबंध, तज्ज्ञांनी तपासून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आलेले असावेत, अशी ती अट. ती पुरी होते की नाही, यावर काही जण उच्च न्यायालयात गेले. त्यात शिक्षणक्षेत्रातली जाणती मंडळी होती.

निकाल केव्हा लागावा? डिसेंबर २०१४ मध्ये! न्यायालयाने त्यांना काढून टाकले नाही. ज्या शोध समितीने त्यांचे नाव सुचवले होते, तिने त्यांच्या पात्रतेचा पुन्हा विचार करावा, असे सांगितले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कुलपती या नात्याने राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी त्यांना कामापासून दूर राहण्यास कळवले. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि ते पुन्हा कामावर आले. जुलै २०१५ मध्ये त्यांची पाच वर्षांची मुदत संपली. म्हणजे मुदत जवळजवळ सरत आली तरी वाद चालूच होता. डॉ. वेळूकर पात्र होते की अपात्र, हे मी ठरवणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण पाच निबंध मोजून पाहायला पाच वर्षे लागावीत, हे कोणत्या व्यवस्थेत बसते?

एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर पोरांसमोर मी हीच हकीकत सांगत होतो. कापूस वेचायला जाणारी एक म्हातारी माय मागे भिंतीला टेकून ऐकत होती. कुलगुरू म्हणजे काय ते तिने शेजारच्या पोरीला विचारून घेतले आणि मग मोठ्याने म्हणाली, "मंग खुर्चीवर बसवाच्या आंधी त्याचे कागद नाई पाह्यले काय गा कोणी?" पोरे हसली. पण मला वाटते, न्यायालयात वर्षानुवर्षे चाललेल्या वादाचे सार त्या एका वाक्यात आले. कागद आधी पाहायचे असतात.

अशीच दुसरी हकीकत पुण्याची, आणि ती फार जुनी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्था ही १९३० साली स्थापन झालेली नामांकित संस्था, आज ती अभिमत विद्यापीठ आहे. तेथे २०२२ मध्ये डॉ. अजित रानडे कुलगुरू झाले. मुंबईच्या आयआयटीचे इंजिनियर, अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचे पीएच. डी., आणि एका मोठ्या उद्योगसमूहात अनेक वर्षे अर्थतज्ज्ञ. विद्वत्तेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम असा की, कुलगुरूला प्राध्यापक म्हणून दहा वर्षांचा अनुभव हवा, किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत दहा वर्षांचा अनुभव हवा. प्राध्यापकपदाची दहा वर्षे भरत नाहीत, या कारणावरून सप्टेंबर २०२४ मध्ये कुलपती दिवंगत डॉ. विवेक देबरॉय यांनी त्यांना पदावरून दूर केले. काही दिवसांतच उच्च न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली. महिना संपण्याच्या आत कुलपतींनी आपला आदेश मागे घेतला आणि स्वतः राजीनामा दिला. नोव्हेंबरमध्ये डॉ. रानडे यांनीही पद सोडले.

पाहा, नियमाला दोन दारे होती. उमेदवार कोणत्या दाराने आत आला, हे निवडीच्या दिवशीच लिहून ठेवले आणि सर्वांना दाखवले असते, तर अडीच वर्षांनी हा तमाशा झाला नसता. एका विद्वान माणसाची अशी ओढाताण झाली नसती आणि संस्थेचेही नाव वर्तमानपत्रांत या कारणाने आले नसते.

आता कोणी म्हणेल, "अहो, कागदात काय आहे? माणूस कर्तबगार हवा." या म्हणण्यातही तथ्य आहे, ते टाळून चालणार नाही. याच गोखले संस्थेचे पहिले संचालक डॉ. धनंजयराव गाडगीळ. त्यांचा जन्म १९०१ चा, म्हणजे संचालक झाले तेव्हा ते तिशीच्या आतबाहेर होते. प्राध्यापकपदाची दहा वर्षे त्यांच्या गाठीशी असणे शक्यच नव्हते. आजचा नियम लावला तर पहिल्या दारातूनच त्यांना परत जावे लागले असते. तरीही त्यांनी संस्था नावारूपाला आणली, पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. उलट बाजूही पाहा. मुंबई विद्यापीठात २०१५ नंतर आलेल्या कुलगुरूंच्या काळात, २०१७ साली, उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला गेला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, लाखो विद्यार्थी टांगणीला लागले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यपालांना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. तेथे भांडण पदव्यांचे नव्हतेच. म्हणजे कागद असले की कारभार चांगला होतोच, असे नाही.

मग नियम कशाला हवा? माझे उत्तर असे की, नियम आपल्यासारख्यांनाच अधिक हवा. ज्याची वरपर्यंत ओळख आहे, ज्याचा मामा मंत्रालयात आहे, त्याला लिहिलेल्या नियमाची फारशी गरज नसते. ज्याची ओळख कोठेच नाही, त्याच्या हातात जाहिरातीत छापलेली अट एवढीच काठी असते. ती अट वरच्यासाठी सैल आणि खालच्यासाठी घट्ट झाली, की काठी गेली. 'कर्तबगारी पाहून घेऊ' असे जेथे म्हटले जाते, तेथे कोणाची कर्तबगारी दिसते आणि कोणाची दिसत नाही, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

गाडगीळांसारख्या माणसासाठी दार उघडे ठेवायचे असेल, तर जरूर ठेवावे. पण ते दार नियमात लिहावे, जाहिरातीत छापावे, म्हणजे तसाच दुसरा कोणी झोपडपट्टीतून किंवा पाड्यावरून वर आलेला असेल तर त्यालाही अर्ज करता येईल. जानेवारी २०२५ मध्ये अनुदान आयोगाने एक मसुदा प्रसिद्ध केला. उद्योग, सार्वजनिक प्रशासन, धोरण या क्षेत्रांत वरिष्ठ पदावर दहा वर्षे काम केलेल्यांनाही कुलगुरूपद खुले करावे, असे त्यात सुचवले होते. यावर देशभर वाद झाला. दार मोठे करण्यास माझा विरोध नाही. परंतु दार जितके मोठे, तितका पहारा डोळस हवा, आणि मोठ्या दारातून आत येणारे कोण, याची मोजणी आपण ठेवली पाहिजे.

न्यायालयांनीही या बाबतीत कान टोचले आहेत. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतल्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळातल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची. केरळात तर शोध समितीने नावांची यादी पाठवण्याऐवजी एकच नाव पाठवले होते. एकच नाव पाठवायचे तर निवड कसली? आपल्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात जाहिरात काढून किमान पाच नावे कुलपतींकडे पाठवण्याची तरतूद आहे. त्या पाचांची शिफारस का केली, हे समितीने लिहून द्यायचे असते. तरतूद चांगली आहे. ती पाळली जाते की नाही, हे पाहणारे डोळे हवेत.

ते डोळे कोणाचे असावेत? परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे शंभर वर्षांपूर्वी लक्ष दिले होते. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी लेखी साक्ष दिली. १९२७ मध्ये विद्यापीठ कायद्याची दुरुस्ती विधिमंडळात आली, तेव्हा सिनेटमध्ये मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत, म्हणून ते भांडले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला हा माणूस. त्यांना स्वतःला कोणत्याही सिनेटमध्ये अडवण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तरीही ते भांडले, कारण विद्यापीठाचा कारभार मूठभरांच्या हातात राहिला तर गरिबाचा पोरगा दाराबाहेरच राहणार, हे त्यांनी ओळखले होते.

आज त्या सिनेटला अधिसभा म्हणतात. तिच्यावर पदवीधरांतून दहा सभासद निवडून जातात, आणि त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी जागा राखीव आहेत. मत फक्त नोंदणी केलेल्या पदवीधराला देता येते. अधिसभेतले काही सभासद व्यवस्थापन परिषदेवर जातात, आणि कुलगुरूंची नावे सुचवणाऱ्या शोध समितीवर एक माणूस या परिषदेच्या सहभागाने पाठवला जातो. म्हणजे झरी, मुकुटबन, पाटणच्या पदवीधराचे मत फिरत फिरत का होईना, त्या खुर्चीपर्यंत पोहोचते.

मी आमच्या भागात घरोघरी विचारून पाहिले. बी. ए., बी. कॉम. झालेली पोरे पोरी वस्तीत आता चांगलीच आहेत. कोणी दुकानात हिशेब लिहितो, कोणी ट्रॅक्टर चालवतो, कोणी सिमेंटच्या कामावर जातो. पदवीची सनद पेटीत गुंडाळून ठेवलेली असते. पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवले का, असे विचारले की, "ते काय असते, दादा?" असा उलट प्रश्न येतो. आमदारकीच्या यादीत नाव नसले तर आपण तहसीलीत जाऊन भांडतो. या यादीचे मात्र आपल्याला नावही ठाऊक नसते, आणि तिचा फायदा ज्यांना ठाऊक आहे तेच घेतात.

म्हणून माझी विनंती आहे. ज्या घरात पदवी आहे, त्या घराने पुढची नोंदणी जाहीर होताच सनदेची प्रत काढून अर्ज भरावा. गावातल्या चार जणांनी मिळून एकाने हे काम अंगावर घ्यावे. कुलगुरूंची जाहिरात निघाली की तिच्यातल्या अटी विहाराच्या फळ्यावर लिहाव्यात, पोरांनी वाचाव्यात. नेमणूक झाल्यावर कोणत्या अटीवर कोणते कागद पाहिले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. हा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. आणि हे विचारताना कोणाच्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा राग मनात नसावा. आपल्या माणसाची नेमणूक झाली तरी हाच प्रश्न विचारायचा, हे आधीच ठरवून ठेवावे.

आपल्या पोरांचे कागद तपासणारे पुष्कळ आहेत. ते त्यांनी खुशाल तपासावेत. आपणही आता वरचे कागद वाचायला शिकू.

जयभीम.