मोत्याचे दाणे

कुत्र्याला शेंगदाणे, काजू, बदाम घालावेत की नाही, हा प्रश्न तसा क्षुल्लकच. वार्षिकाच्या पानावर तो कशाला, असे कुणी म्हणेलही. पण मी कॉलेजात गेल्यापासून माझ्या शिक्षणाच्या भरवशावर घरच्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न!

आमच्याकडे भुईमूग होतो. सुगीनंतर आई दाणे निवडते. टपोरे दाणे विक्रीला, फुटके घरच्या कुटाला आणि काळे, बुरशी धरलेले मोत्यापुढे, अशी जुनी वाटणी. यंदा मोत्या दोन दिवस अन्नाला शिवला नाही, तेव्हा अण्णा म्हणाले, "तू शिकतोस ना? मग सांग, दाणे कुत्र्याला बाधतात का?"

मी पुस्तके धुंडाळली. चांगला, सोललेला, बिनमिठाचा भाजका शेंगदाणा दोन-चार घातल्याने सहसा बाधत नाही. काजूचेही तसेच. मात्र दाण्यात तेल फार. ओंजळभर घातले तर उलट्या होतात, स्वादुपिंडही सुजू शकते. बदाम न चावता गिळला तर अडकतो. परदेशी मॅकेडेमिया तर कुत्र्याला विषच. मागचे पाय लुळे पडतात. सुक्या मेव्यातले बेदाणे मूत्रपिंडावर घाला घालतात.

पण आमच्या घरचा प्रश्न बुरशीचा होता. तिच्यातले अफ्लाटॉक्सिन यकृत नासवते आणि दाणे भाजल्याने पुरते जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या भुईमूग पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष उजेडात आले. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत पावसात भिजलेल्या मक्यातून तेच विष पोटात गेले. १०६ माणसे दगावली. त्याच घरांतले अन्न खाणारी कुत्रीही मेली. गरिबाच्या घरी माणूस आणि कुत्रे यांचे ताट फारसे वेगळे नसते, हे त्या आकड्यांनी मला शिकवले.

हे सारे मी घरी सांगितले. आई म्हणाली, "टाकायचं कसं रे? अन्न आहे ते." तिने दुष्काळ पाहिला आहे; तिच्यापुढे माझे पुस्तक थिटे पडले. मी एवढेच म्हणालो, "आई, जे तू मला वाढणार नाहीस, ते त्यालाही नको."

ती काही बोलली नाही. अण्णांनी मात्र बुरशीचे दाणे खड्ड्यात पुरले. मोत्या आता सावरला आहे. हल्ली आई निवडताना दोन दाणे त्याच्यापुढे टाकते, तेही विक्रीच्या ढिगातले.