चिगरीचा चेहरा

काळवीट म्हणजे शास्त्राच्या हिशेबी हरीण नव्हे, हे मला बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात समजले. हरणांची शिंगे गळतात नि पुन्हा उगवतात. काळविटाची पीळ घेत वाढतात ती कायमची. शाकुंतलातला दुष्यंत ज्याच्यामागे रथ पिटाळतो तो कृष्णसार म्हणजे हाच. आमच्या शाळेतल्या चित्रात मात्र त्याच्यापुढे ठिपक्यांचे चितळ धावत होते!

माझी मावशी राणेबेन्नूरकडे दिलेली. तिथले काळवीट अभयारण्य १९७४ सालचे, ११९ चौरस किलोमीटरचे. कागदोपत्री त्याचे नाव कृष्णमृग. शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र 'चिगरी'. गवताळ माळावरच्या या प्राण्याच्या वाट्याला तिथे निलगिरीची लागवडही पुष्कळ आली आहे. मग तो बाहेर, मक्याच्या शेतात उतरतो. मावसभावाचा कॅमेरा व ३०० मिलिमीटरची लेन्स घेऊन मीही अभयारण्याबाहेर, एका अज्जांच्या बांधावरच बसलो.

मला चेहरा हवा होता. लांबून काढलेला, गवतातला ठिपका नव्हे. माणसाचा काढतात तसा. काम किचकट आहे. नर वयात येतो तसा काळा पडत जातो, पण डोळ्याभोवतीचे कडे पांढरेशुभ्र. कॅमेरा काळ्याला भुलून उजेड वाढवतो आणि पांढरे जळून जाते. म्हणून उजेड हाताने कमी करावा लागतो. तसे केले की काळ्या तोंडात काळा डोळा हरवतो. सूर्य खाली असताना, जनावर आपल्याकडे वळेल तेव्हाच त्या डोळ्यात एक ठिणगी चमकते. नऊनंतर जमीन तापते, हवा थरथरते, सगळे पुसट. शिवाय उभे राहून काढले तर ते शेळीसारखे दिसते. त्याच्या डोळ्याच्या उंचीला यायचे तर मातीत बसायलाच हवे.

तिसऱ्या सकाळी तो आला. मान वर, नाक पुढे, शिंगे पाठीवर टेकलेली. आपल्या हद्दीत तो असाच मिरवतो. मी आठ चित्रे घेतली. मागचे सगळे धूसर झाले होते. जणू अरण्यातला राजाच.

अज्जांनी ती मागच्या पडद्यावर पाहिली. म्हणाले, "तम्मा, मारीद फोटो ब्याड, होलद फोटो तगी." तोंडाचा नको, शेताचा काढ. माझ्या चित्रात जे धूसर झाले होते तो त्यांचा मका होता. त्यांना नुकसानभरपाईचा अर्ज करायचा होता. गोफण फिरवून ते चिगरीला हाकलत, पण कुणी तिला मारण्याची भाषा काढली तर त्यांना आवडत नसे. कायद्याच्या भीतीने की आणखी कशाने, हे मी विचारले नाही.

लेन्स बदलली. कणसे चावलेली, ताटे आडवी, मधोमध अंगठ्याएवढा काळवीट. छायाचित्र म्हणून अगदी सामान्य. मग ओसरीवर बसून बी, खत, मजुरी यांचा हिशेब मी कन्नडमध्ये मांडून दिला. वर्गातला कॉस्टिंगचा तास इतका लक्ष देऊन मी कधी केला नव्हता.

दोन्ही चित्रांच्या प्रती मी पाठवल्या. शेताची अर्जाला लागली. चेहऱ्याची अज्जांनी दाराच्या चौकटीवर चिकटवली आहे, असे मावशी सांगते. अर्जाचा निकाल अजून नाही. मका काढून झाला.